माप

'फ्री साइज' हा शब्द ज्याने कोणी शोधून काढला, त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. भांडायला वगैरे नाही. फक्त विचारायचंय, की बाबा रे, यात फ्री नक्की कोण आहे? घालणारा की शिवणारा? माझ्या आजवरच्या अनुभवात फ्री साइज म्हणजे जी कोणालाच नीट बसत नाही आणि तरीही जिच्याबद्दल कोणाला तक्रार करता येत नाही अशी वस्तू. तक्रार केलीच तर दुकानदार असा काही चेहरा करतो, की साइज तर फ्रीच आहे मॅडम, गडबड तुमच्यात दिसतेय.

कपड्यांचं एक वेळ ठीक आहे. थोडं सैल, थोडं घट्ट, आपण चालवून घेतो. पण जरा घरात नजर फिरवून बघा. दाराची किल्ली, नळाची तोटी, कुकरची मूठ, औषधाच्या बाटलीचं झाकण, कात्री, गॅसच्या शेगडीचं बटण... सगळं फ्री साइज! या सगळ्या वस्तू एका 'सरासरी' हातासाठी बनवलेल्या असतात. त्या हाताला व्यवस्थित अंगठा असतो, चार सरळ बोटं असतात, चिमटीत भरपूर जोर असतो. हा हात नक्की कोणाचा, हे मात्र कोणी सांगत नाही.

कारण तो कोणाचाच नसतो. हे मी म्हणत नाहीये, अमेरिकन हवाई दल म्हणतंय. १९५० साली त्यांनी आपल्या चार हजारांहून जास्त वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या एका तरुण लेफ्टनंटने त्यातली कॉकपिटच्या दृष्टीने महत्त्वाची दहा मापं निवडली. उंची, छातीचा घेर, बाहीची लांबी वगैरे. आणि मग एक साधा प्रश्न विचारला. दहाच्या दहा मापांत सरासरीच्या आसपास, म्हणजे मधल्या तीस टक्क्यांत बसणारे वैमानिक किती? ४,०६३ जणांपैकी उत्तर आलं शून्य. एकही नाही! ज्या माणसासाठी कॉकपिट बनवलं होतं, तो माणूस हवाई दलात नोकरीलाच नव्हता. यातून धडा काय निघाला, तर सीट पुढेमागे सरकली पाहिजे, पट्टे कमीजास्त झाले पाहिजेत. माणसाला यंत्रात बसवण्याऐवजी यंत्राने माणसाला बसावं. आज आपण गाडीत शिरल्या शिरल्या सीट मागे ढकलतो, तीच ही कल्पना.

तर हे सगळं पाल्हाळ लावायचं कारण असं, की गेली दोन वर्षं माझे बरेचसे शनिवार-रविवार एका हाताच्या मापांमध्ये गेलेत. आईच्या हाताच्या.

आई साताऱ्याला असते. बाबा गेल्यापासून एकटीच. सहा वर्षांपूर्वी तिला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला. हे सांगितलं की लोक म्हणतात, "हो का, आमच्या सासूबाईंचे पण गुडघे दुखतात." पण हा तो नव्हे. यात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. (सॉफ्टवेअरवाल्यांसाठी: अँटिव्हायरसनेच सिस्टिम फाइल्स डिलीट करायला घेतल्या असं समजा.) बहुतेक वेळा सुरुवात हातापायांच्या लहान सांध्यांपासून होते. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं मिटतच नाहीत. पुढे पुढे ती करंगळीच्या बाजूला कलायला लागतात. औषधांनी आजार आटोक्यात राहतो, आईचाही बऱ्यापैकी राहिलाय. पण आटोक्यात म्हणजे थांबला असं नाही, आणि जे एकदा वाकलं ते सरळ होत नाही.

आणि ही बाई आयुष्यभर हातावर जगलेली. आमच्या आळीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिने शिवलेत. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या दोन वर्षांची फी त्या शिलाई मशीनने भरलीय.

दोन हिवाळ्यांपूर्वी शेजारच्या काकूंचा फोन आला. "अगं, आई हल्ली कुठे जात नाही. गुरुवारच्या भजनालासुद्धा नाही." आईला विचारलं तर म्हणाली, "कंटाळा येतो गं." खरं काय ते काकूंनीच सांगितलं. कंटाळा नाही, किल्ली. आमच्या दाराला जुनं लॅच आहे. बाहेरून उघडायचं तर एका हाताने दार ओढून धरायचं आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत किल्ली धरून जोर लावून फिरवायची. आईच्या चिमटीत तो जोर राहिला नव्हता. मग बाहेर जायचं तर परत येताना काकू घरी असतील अशी वेळ बघून जायचं. काकू नोकरी करतात. म्हणजे संध्याकाळी सहानंतर. म्हणजे मग भजन संपलेलं, बँक बंद, आणि भाजी उरलेली. म्हणजे मग जायचंच कशाला?

मामाचं म्हणणं सरळ होतं. घर विका आणि ताईला पुण्याला घेऊन जा. आईचं म्हणणं त्याहून सरळ होतं. नाही. "तुझ्या त्या अकराव्या मजल्यावर मी दिवसभर काय करू? लिफ्टशी गप्पा मारू?" दोघं इरेला पेटलेले. आणि सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी काय, तर पाच सेंटिमीटरचा एक पितळी तुकडा.

ऑफिसमध्ये विषय काढला तर तासाभरात चार जणांनी चार स्मार्ट लॉकच्या लिंका पाठवल्या. त्या मी आईला फोनवर इमानेइतबारे वाचून दाखवल्या. बोट लावलं की दार उघडतं, मोबाइलवरून पण उघडतं, कोण आलं-गेलं ते मला पुण्यात कळतं.

"बॅटरी संपली तर?"

"तर साधी किल्ली देतात बरोबर."

"म्हणजे परत किल्लीच. आणि बिघडलं तर साताऱ्यात कोण येणार बघायला?"

या प्रश्नाला कंपनीकडे उत्तर असतं, पण ते प्रेझेंटेशनमध्ये द्यायचं उत्तर असतं. मी या धंद्यात आहे, मला ठाऊक आहे. दाराची कडी पन्नास वर्षं टिकावी ही आपली साधी अपेक्षा. आमच्याकडे पाच वर्षं टिकलेल्या गोष्टीला 'लेगसी' म्हणतात आणि ती बंद कधी करायची याच्या मीटिंगा लागतात. २०१६ मध्ये रिव्हॉल्व्ह नावाच्या स्मार्ट-होम हबचा सर्व्हर बंद झाला. लोकांच्या घरातली उपकरणं धडधाकट होती, पण चालणारं दुसऱ्या कोणाच्या तरी कंप्युटरवर होतं. एका दिवसात तो हब म्हणजे नुसता प्लॅस्टिकचा डबा झाला. दिवा पेटला नाही तर माणूस अंधारात बसेल एक वेळ. दार उघडलं नाही तर काय करायचं?

मग मी स्वतःपुरता एक नियम केला. वस्तू बनवताना लागेल तेवढा कंप्युटर वापरायचा. वस्तूच्या आत मात्र काही नाही. सेल नाही, वायर नाही, ॲप नाही. फक्त आकार.

आता आकार काय काय करू शकतो ते बघा. आपण किल्ली चिमटीत धरतो तेव्हा बोटांचा जोर किल्लीच्या मध्यापासून साधारण १२ मिलिमीटरवर लागतो. त्याच किल्लीला आडवी मूठ लावली आणि ८४ मिलिमीटरवर तळव्याने ढकललं, तर तेच कुलूप उघडायला एकूण जोर सातवा हिस्सा पुरतो. आर्किमिडीजपासूनची तरफ, नवीन काहीच नाही. पण आईच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. काम अंगठ्याच्या नाजूक सांध्याकडून तळव्याकडे आणि मनगट-खांद्याकडे जातं. संधिवाताच्या रुग्णांना ऑक्युपेशनल थेरपिस्ट हेच शिकवतात. लहान सांध्याचं काम मोठ्या सांध्याला द्या. चिमटीने धरू नका, तळव्याने ढकला.

'नुसता आकार' हे प्रकरण वाटतं तितकं बिनडोकही नाही. जर्मनीत पॉट्सडामला हासो प्लाटनर इन्स्टिट्यूट आहे. तिथे पॅट्रिक बाउडिश यांच्या गटात अलेक्झांड्रा आयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाराचं एक हँडल दाखवलं. हँडल, बिजागरी, आत सरकणारी जीभ, सगळं मिळून एकच प्लॅस्टिकचा ठोकळा. सुटा भाग एकही नाही. ठोकळ्याच्या पोटात बारीक चौकोनी पेशींची जाळी. काही पेशी घट्ट, काही तिरक्या होऊ शकणाऱ्या. हँडल दाबलं की त्या तिरक्या होतात आणि जीभ आत ओढतात. पुढच्या वर्षी त्यांनी याच पद्धतीने चक्क कॉम्बिनेशन लॉक केलं. दोनच स्थितींत राहणाऱ्या छोट्या स्प्रिंगा, एक टपकन उलटली की शेजारची उलटते. शून्य आणि एक! कॉलेजात ज्या लॉजिक गेट्ससाठी रात्री जागवल्या, ती विजेशिवाय, नुसत्या वाकणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये. हे वाचल्यावर मी दोन दिवस ऑफिसातल्या प्रत्येक दाराकडे संशयाने बघत होते :)

आईच्या किल्लीला इतकं काही लागणार नव्हतं. पण एक अडचण होती. मूठ बाजारात तयार मिळते की. जाड मुठीच्या वस्तूंची कल्पना काही आजची नाही. सॅम फार्बर नावाच्या उद्योजकाच्या बायकोला, बेट्सीला, हातांचा संधिवात होता. तिचे भाज्या सोलताना होणारे हाल बघून १९९० साली 'ऑक्सो'चे जाड, मऊ मुठीचे पीलर बाजारात आले आणि धडधाकट लोकांनीही ते डोक्यावर घेतले. फ्री साइजचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. पण पीलर सगळ्यांचा सारखा असतो. किल्ली प्रत्येक घराची वेगळी. तिच्या डोक्याचा आकार वेगळा, जाडी वेगळी. आणि वाकलेला हात तर प्रत्येकाचा स्वतःचाच. तयार मूठ आणून बघितली. किल्ली आत डुगडुगते आणि आईचं मधलं बोट अडकतं.

इथे माझ्या टीममधल्या एका मित्राचा थ्रीडी प्रिंटर कामाला आला. त्याच्या टेबलावर हे यंत्र असण्यामागेही थोडा इतिहास आहे. प्लॅस्टिक वितळवून थरावर थर रचायची पद्धत स्कॉट क्रम्प यांची. १९८९ मध्ये त्यांनी पेटंटचा अर्ज केला आणि २००९ मध्ये पेटंटची मुदत संपली. त्याआधीच २००५ मध्ये इंग्लंडात बाथ विद्यापीठाच्या एड्रियन बोयर यांनी 'रेपरॅप' सुरू केला होता. आपलेच भाग छापू शकेल असा, सगळ्यांना खुला प्रिंटर. या दोन गोष्टी जुळल्या आणि कारखान्यातलं मशीन आमच्यासारख्यांच्या फ्लॅटमध्ये, मायक्रोवेव्हच्या शेजारी येऊन बसलं.

पण मला स्वतःला प्रिंटरपेक्षा जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे ओपनस्कॅड. यात चित्र काढायचं नाही, कोड लिहायचा. इथे ठोकळा ठेव, त्यातून एवढी खाच वजा कर, कडा गोल कर. माउसने चित्र काढणारे लोक याला नाकं मुरडतात, पण आपल्याला तर घरच्यासारखं वाटतं. आणि कोड म्हटलं की व्हेरिएबल आलेच. आईच्या मुठीच्या फाइलीत वरतीच पाच ओळी आहेत: किल्लीच्या डोक्याची रुंदी, किल्लीची जाडी, मुठीची लांबी, मुठीची जाडी आणि मुठीचा कल. खालचा सगळा कोड या पाच आकड्यांवर चालतो. आकडा बदला, वस्तू बदलते. वस्तू एकदाच डिझाइन करायची, पण ती एकाच मापाची नसते. हे म्हणजे ब्लाउजच्या कटिंगचं सूत्र. छातीच्या मापाला चाराने भागा, त्यात अमुक मिळवा. सूत्र सगळ्यांना तेच, ब्लाउज प्रत्येकीचा वेगळा.

हे मी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती एकदम खुशीत आली. "मग हे शिवणच आहे की." आणि पुढचा प्रश्न, "माया किती ठेवलीस?"

शिवणकामाशी संबंध नसलेल्यांसाठी सांगते. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. अंग भरलं की ब्लाउज उसवून सैल करता येतो तो त्या मायेच्या जोरावर. आमच्याकडे तिचंच नाव टॉलरन्स. किल्ली २ मिलिमीटर जाडीची असेल तर खाच बरोब्बर २ ची करून चालत नाही, किल्ली आत जाणारच नाही. मी सांगितलं, बाजूला पॉइंट तीन मिलिमीटर. आई म्हणाली, "बरं. कमी वाटतेय, पण तुमचं कापड ताणत नाही ना, मग ठीक."

मापं तिनेच घेतली. आपल्याच हाताची, टेपने, आणि फोनवर सांगितली. तळव्याची रुंदी एवढी. मूठ मिटवता येते तेवढ्यात आत उरणारी पोकळी एवढी. (ती मोजायला तिने बोटांत कापडाची गुंडाळी धरली आणि मग त्या गुंडाळीचा घेर मोजला. इंजिनिअरिंगला असताना आम्हाला हे कोणी शिकवलं नव्हतं!) आणि वर सूचना. "सकाळचं माप वेगळं आणि दुपारचं वेगळं आहे. तू सकाळचं धर. दुपारी माझं मी बघेन."

मटेरियलमध्ये मी पीएलए टाळून पीईटीजी घेतलं, कारण पीएलए साधारण साठ अंशांना मऊ पडायला लागतं आणि मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तेवढं तापमान सहज होतं. मूठ आडवी झोपवून छापली, म्हणजे थर मुठीच्या लांबीने जातात. उभी छापली तर जोर बरोबर थरांच्या सांध्यावर येतो आणि मूठ गाजरासारखी मोडते. दोन तास, तीसेक ग्रॅम प्लॅस्टिक, रिळाच्या हिशोबाने तीसेक रुपये. दोन स्क्रू. शनिवारी सकाळी साताऱ्याला जाऊन बसवली. आईने दार ओढलं, तळव्याने मूठ ढकलली. खट्. ती काही बोलली नाही. दार परत ओढून घेतलं, परत उघडलं. असं चार वेळा. मग म्हणाली, "चहा टाक, मी जरा वाण्याकडे जाऊन येते." वाण्याकडे काहीही आणायचं नव्हतं.

पण मला सांगायचीय ती खरी गोष्ट याच्या पुढची आहे.

पंधरा दिवसांनी गेले तर मुठीवर जुन्या गोधडीच्या कापडाची एक खोळ. आत कापूस, तोंडाशी नाडी. थंडीच्या सकाळी बोटं मिटत नाहीत तेव्हा खोळ चढवायची, मूठ जाड होते. दुपारी बोटं मोकळी झाली की काढून ठेवायची. मी कोडमध्ये पाच व्हेरिएबल ठेवले होते, पण ते पुण्यात बसून बदलायचे. दिवसातून दोनदा बदलणारं सहावं व्हेरिएबल तिने कापडाचं केलं. वैमानिकांची सरकती सीट ती हीच. माप घेऊन बनवलेली वस्तूसुद्धा ज्याचं माप घेतलं त्याला पुढे थोडी मागेपुढे करता यायला हवी, कारण माणूस काही सकाळ-संध्याकाळ एकाच मापाचा नसतो.

याच विचाराचं जगभर पोचलेलं उदाहरण म्हणजे ई-नेबलचे हात. दक्षिण आफ्रिकेतला रिचर्ड व्हॅन आस नावाचा सुतार. २०११ मध्ये करवतीच्या अपघातात त्याची बोटं गेली. अमेरिकेतला आयव्हन ओवन यांत्रिक हातांचे खेळ बनवायचा, त्याचा व्हिडिओ रिचर्डने पाहिला. दोघांनी मिळून काम सुरू केलं आणि त्यातून एका लहान मुलासाठी हात तयार झाला. मोटर नाही, सेल नाही. मनगट खाली वाकवलं की दोऱ्या ताणल्या जातात आणि बोटं मिटतात. मनगट सरळ केलं की इलॅस्टिक बोटं परत उघडतं. गंमत म्हणजे ओवनला यासाठी प्रेरणा मिळाली ती एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातल्या एका दंतवैद्याने व्हेलच्या हाडापासून बनवलेल्या हातावरून. २०१३ मध्ये त्यांनी पेटंट न घेता डिझाइन सगळ्यांना खुलं केलं. त्याच वर्षी जॉन शल यांनी प्रिंटर असलेल्या स्वयंसेवकांना एकत्र आणलं आणि ई-नेबल उभं राहिलं. हे हात हलक्या कामाचे. चेंडू धरणं, सायकलचं हँडल धरणं. डॉक्टरी कृत्रिम हाताची जागा ते घेत नाहीत. पण मूल वाढतं. वर्षभरात हात लहान पडतो, तेव्हा फाइल थोडी मोठी करून पुन्हा छापायची. वाढत्या अंगाच्या युनिफॉर्मसारखं!

२०१९ मध्ये इस्राएलमधल्या आयकियाने अपंगांसाठी काम करणाऱ्या दोन संस्थांबरोबर असंच काहीसं केलं. सोफ्याची उंची वाढवणारे पाय, कपाटाला लावायचं मोठं हँडल, दिव्याचं मोठं बटण अशा तेरा गोष्टींच्या फाइल्स फुकट ठेवल्या. घरातली वस्तू तीच, फक्त तिला तुमच्यासाठी एक जोड.

आता कोणाला वाटेल, की चला, म्हणजे प्रत्येकाच्या घरी प्रिंटर आला की प्रश्न सुटला. दहा-बारा वर्षांपूर्वी असंच म्हणत होते सगळे. तसं काही झालं नाही, आणि माझ्या मते तो मशीनचा दोष नाही. फाइल्स लाखो आहेत, त्यातल्या कितीतरी मापं बदलता येतील अशाच आहेत. पण माप घेणार कोण? या सगळ्यात सगळ्यात स्वस्त पडला तो प्रिंटर. महाग काय पडलं, तर काकूंनी फोन करणं, आईने बोटांत गुंडाळी धरून बसणं, "सकाळचं माप धर" हे सांगणं, आणि नंतर परत परत विचारणं, की आता कसं आहे. सरासरी वस्तू स्वस्त असते, कारण त्यात कोणाला काही विचारावं लागत नाही.

याच्या जवळचा विचार आपल्याकडे फार आधी झालाय, तोही पुण्यापासून दीड-दोन तासांवर. पाबळच्या विज्ञान आश्रमात. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला, हाताने काम करत शिकायचं या एका कल्पनेवर. एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांची फॅब लॅबची कल्पना अमेरिकेबाहेर अगदी सुरुवातीला जिथे रुजली, त्यात पाबळ आहे, २००२ साली. बॉस्टनची लॅब आणि शिरूर तालुक्यातलं गाव यांचं जुळलं, याचं मला आता मुळीच आश्चर्य वाटत नाही. जिथे अडतंय तिथेच बसून मोजायचं आणि तिथेच बनवायचं, हे पाबळला आधीपासून ठाऊक होतं. मशीन नंतर आलं.

आमच्या मुठीच्या आता पाच आवृत्त्या झाल्या. कोड आहे म्हणून मी सवयीने गिटमध्ये ठेवला. मागच्या आठवड्यात सहज लॉग उघडला. ऑफिसच्या कोडचा लॉग बघितला तर जांभई येते. हा बघताना तसं झालं नाही. मुठीची जाडी, मिलिमीटरमध्ये: २४. मग २८. मग ३१. मग ३४. प्रत्येकापुढे माझा एकच शेरा, 'आईचा फोन'. डॉक्टरांच्या फाइलीत तिचे रिपोर्ट आहेत, त्यात रक्तातले आकडे आहेत. पण तिचा हात किती मिटतो, याचा दोन वर्षांचा हिशोब जगात फक्त या एका फाइलीत आहे. २४ ते ३४. एक सेंटिमीटर. मी त्या एका सेंटिमीटरकडे बराच वेळ बघत बसले होते.

कधीतरी असा दिवस येईल, की त्या पाच ओळींत कुठलाही आकडा टाकला तरी दार उघडणार नाही. हे आईला माहीत आहे, मलाही आहे. मुठीने आजार बरा होत नाही, खरं काम औषधंच करतात. मुठीने फक्त एवढं केलं, की मामा आणि आईचं भांडण दोन वर्षं पुढे ढकललं गेलं. आणि ही दोन वर्षं ती स्वतःच्या दाराने स्वतःच्या वेळेला आत-बाहेर करतेय. गुरुवारी भजनाला जातेय. तीस रुपयांत याहून जास्त काय मागायचं?

लॉगमधली शेवटची नोंद मात्र मी अजून सांगितली नाही. मागच्या पावसाळ्यानंतर डॉक्टरांनी औषध बदललं. दोन महिन्यांनी फोन आला. "अगं, ती मूठ आता जाड लागतेय. जरा बारीक कर." ३४ वरून ३१. दोन वर्षांत पहिल्यांदाच आकडा खाली आला. तो कमिट करताना मी नेहमीचाच शेरा लिहिला, पण जरा सावकाश टाइप केला.

असो. तर मंडळी, या वीकेंडला घरी जाणार असाल तर एक करून बघा. "काही त्रास आहे का?" असं विचारू नका, उत्तर "नाही" असंच येणार. त्यापेक्षा घरातली मोठी माणसं कुठली वस्तू टाळतायत ते बघा. कुठलं झाकण अर्धवटच लावलेलं असतं, कुठला नळ थोडा गळत ठेवलेला असतो, कुठली कात्री खणात मागे गेलीय. तिथे टेप लावा.

आमच्याकडे पुढची ऑर्डर आलीय. कात्रीची. अंगठ्याची वाटी मोठी हवी, आणि कापून झालं की ती आपली आपण उघडली पाहिजे, म्हणजे अंगठ्याला ते काम नको. काकूंच्या सुनेचा ब्लाउज बेतायचाय म्हणे. मी म्हटलं, आई, आता कशाला? तर म्हणाली, "तुला माप दिलंय ना? मग छाप."